आसन आणि यंत्राची साक्ष

बडोद्याच्या मांडवीला चारही दिशांना कमानी आहेत. तेथे उभा राहिलेला मनुष्य लहरीपुऱ्याकडे तोंड करतो की पाणीदरवाजाकडे, यावर त्याला कोणता रस्ता दिसावा हे ठरते. देहाचे मोजमाप करणाऱ्या शास्त्रालाही हाच न्याय लागू आहे, आणि त्याचा एक आरंभीचा धडा याच नगरीत गिरवला गेला.

१८८३ साली बडोद्यानजीक डभोई येथे जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी कुवलयानंद, यांनी राजरत्न माणिकरावांच्या व्यायामशाळेत देह कमावला. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे माधवदासजी महाराजांपाशी त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. गुरूवर श्रद्धा असूनही केवळ शब्दप्रामाण्यावर त्यांचे समाधान होईना. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांचे परीक्षण केले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखविले. शीर्षासनातील रक्तदाबही त्यांनी प्रत्यक्ष त्या आसनातच मोजविला. ज्या स्थितीविषयी विधान करावयाचे, मोजमापही त्याच स्थितीत घ्यावयाचे, अशी ही पद्धत होती.

योगायोग असा की, त्याच १९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम टिपला. पुढे एमआरआय यंत्र आले. पण त्यात मनुष्याला बहुधा उताणे निजावे लागते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालथ्या व उताण्या स्थितींची तुलना करण्यात आली. उताणे निजल्यावर मेंदू किंचित मागे सरकतो. डोक्याच्या मागील बाजूस कवटी व मेंदू यांमधील द्रवाचा थर सुमारे ३० टक्क्यांनी पातळ होतो, आणि तेथील विद्युत्-संकेत अधिक ठळक उमटतात. मेंदूचे कार्य तेच, पण आलेख मात्र निराळा! २००९ मधील दुसऱ्या प्रयोगात अपमान ऐकल्यावर बसलेल्या माणसांच्या आलेखात रागाची जी खूण उमटली, ती निजलेल्यांच्या आलेखात दिसली नाही.

तेव्हा निजलेल्या माणसाच्या मेंदूचे चित्र पाहून चालत्याबोलत्या माणसाविषयी सिद्धान्त मांडताना सावधगिरी हवी. चित्राखाली वय आणि व्याधी यांची नोंद होते. तशीच देहाच्या स्थितीचीही व्हावयास हवी. बडोद्याच्या त्या अभ्यासकाने आसन वगळून मोजमाप केले नव्हते, हे आजच्या संशोधकांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.