शस्त्रक्रियेनंतरचे जगणे : स्टोमा-शुश्रूषेचा इतिहास

शस्त्रक्रियेच्या इतिहासात शल्यविशारदांची नावे गौरवाने घेतली जातात. परंतु रुग्ण घरी परतल्यावर त्याचे दिवस कसे गेले, याची नोंद क्वचितच आढळते. आतड्याच्या एका शस्त्रक्रियेबाबत मात्र दोन स्त्रियांमुळे ही नोंद घ्यावीच लागते.

मोठे आतडे रोगग्रस्त झाल्यास निरोगी आतड्याचे टोक पोटावर आणून मलविसर्जनासाठी नवा मार्ग केला जातो. त्यास स्टोमा म्हणतात. १७९३ साली फ्रान्समधील ब्रेस्ट येथे ड्यूरे यांनी गुदद्वार नसलेल्या नवजात बालकावर अशी शस्त्रक्रिया केली व ते बालक वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत जगले. प्राण वाचत, हे खरे. पण या मार्गावर रुग्णाचे नियंत्रण नसते. कापडाच्या घड्या, पट्टे, धातूच्या डब्या यांवर भागवावे लागे. गळती, दुर्गंधी नित्याची. त्यातच लहान आतड्याच्या स्रावातील पाचकरस भोवतालची त्वचा अक्षरशः जाळीत. लज्जेपोटी रुग्ण उंबरठा ओलांडेनासा होई.

१९५४ साली डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेनसेन यांच्या बहिणीवर हाच प्रसंग आला. बहीण लोकांत मिसळेना. तेव्हा त्वचेस चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी प्लास्टिकची पिशवी एलिसे यांनी कल्पिली. कारखानदार लुई-हान्सेन प्रथम राजी नव्हते. त्यांच्या पत्नीने, त्याही परिचारिकाच, त्यांचे मन वळविले. (ज्यांनी रुग्णाची शय्या आवरली, त्यांनाच या वस्तूचे मोल कळले, यात नवल ते काय?)

त्याच वर्षी अमेरिकेतील ओहायो राज्यात आतड्याच्या दीर्घ व्याधीने गांजलेल्या नॉर्मा गिल यांच्यावर डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी शस्त्रक्रिया केली. बऱ्या झाल्यावर त्या इतर रुग्णांना धीर देऊ लागल्या. १९५८ साली टर्नबुल यांनी त्यांना क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये याच कामासाठी नेमले आणि १९६१ साली तेथे स्टोमा-शुश्रूषेचे शिक्षण सुरू झाले. नॉर्मा स्वतः शिक्षित परिचारिका नव्हत्या, तरीही परिचर्येची एक नवी शाखा त्यांच्या अनुभवातून उभी राहिली. १९७८ साली स्थापन झालेल्या जागतिक संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या.

येथे एक भारतीय धागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. टर्नबुल त्वचेच्या रक्षणासाठी जो कराया डिंक वापरीत, तो आपल्या मध्य भारतातील रानांत आढळणाऱ्या कांडोळ वृक्षाचा.

आज परिचारिकेचे काम शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू होते. रुग्णास उभे करून, बसवून, वाकवून पोटावर जागेची खूण केली जाते. नंतर स्टोम्याचा रंग पाहावा लागतो : तो तोंडाच्या आतील भागासारखा लाल व ओलसर असावा, काळसर पडल्यास शल्यविशारदास तत्काळ कळवावे लागते. पिशवीच्या चकतीचे छिद्र स्टोम्याहून किंचितच मोठे कापतात, जेणेकरून त्वचा उघडी राहत नाही. पिशवी एकतृतीयांश ते अर्धी भरताच रिकामी करावी, हे घरच्यांनाही शिकविले जाते.

आपल्याकडे खूण करताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : साडीची वा धोतराची गाठ कोठे येते, आणि जेवावयास मांडी घालून बसल्यावर पोटाची वळी कोठे पडते.