बिएई नदी

बिएई नदी : जपानच्या होक्काइदो बेटाच्या मध्यभागी, तोकाची ज्वालामुखी पर्वतसमूहात उगम पावणारी आणि आपल्या निसर्गसिद्ध निळ्या वर्णामुळे ख्याती पावलेली नदी. बिएई गावाच्या मुलखातून वायव्येकडे वाहत जाऊन ती आसाहिकावा शहरात चुबेत्सु नदीस मिळते. चुबेत्सु पुढे इशिकारी नदीस मिळत असल्याने बिएईचे पाणी अखेरीस जपानच्या समुद्रात जाते.

नदीचा निळा प्रवाह सर्वांत उत्तम दिसतो तो तोकाची पर्वताच्या (उंची 2,077 मी.) पायथ्याशी असलेल्या शिरोगाने या उष्णोदकाच्या गावी. तेथे शिराहिगे नावाचा सुमारे 30 मी. उंचीचा धबधबा आहे. या धबधब्यास माथ्यावर ओढा नाही. पर्वतात मुरलेले भूजल कड्याच्या भेगांतून बाहेर पडून अनेक शुभ्र धारांनी थेट नदीपात्रात कोसळते, आणि भूजलच असल्याने कडाक्याच्या हिवाळ्यातही ते गोठत नाही. समोरच्या पुलावरून धबधबा व निळे पात्र ही दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात येतात.

या वर्णाचे कारण रासायनिक आहे. धबधब्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमचा अंश असून ते नदीच्या गंधकयुक्त पाण्यात मिसळले म्हणजे अतिसूक्ष्म कलिल कण निर्माण होतात. हे कण सूर्यप्रकाशातील आखूड तरंगलांबीचे, म्हणजे निळे, किरण अधिक विखुरतात, आणि पात्रातील दगडांवर बसलेल्या गंधकादी द्रव्यांच्या पांढऱ्या पुटामुळे तो रंग अधिकच उठून दिसतो. 2020 च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. बिएईच्या निळाईत असा कोणत्याही जीवाचा हात नाही, ती सर्वस्वी खनिजांची व प्रकाशाची करणी होय.

ज्या पर्वताने हा रंग दिला त्यानेच या इलाख्यावर वारंवार संकटेही आणली. 24 मे 1926 रोजी तोकाचीच्या उद्रेकाने शिखरावरील बर्फ एकाएकी वितळून चिखलाचे प्रचंड लोट बिएई व फुरानो या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत उतरले. फुरानोच्या खोऱ्यातील लोट सुमारे 25 किमी. अंतर अर्ध्या तासाच्या आत कापून कामिफुरानोच्या वस्तीवर आदळला, आणि मृत व बेपत्ता मिळून 144 माणसांची हानी झाली. 1962 च्या उद्रेकात गंधकाच्या खाणीतील 5 कामगार दगावले. 1988 च्या डिसेंबरात पर्वत पुन्हा जागा झाला, तेव्हा सरकारने चिखलाचे लोट अडविण्याच्या बंदोबस्तासाठी बिएईच्या काठी काँक्रीटच्या ठोकळ्यांचे बांध घातले.

अशाच एका बांधामागे पाणी साचून आओइ-इके हे निळे तळे तयार झाले. शिरोगानेच्या खालच्या अंगास असलेल्या या तळ्याची योजना कोणी सौंदर्यासाठी केलेली नव्हती; पाण्यात बुडून वाळलेले लार्च वृक्षांचे उभे सांगाडे हे त्याचे आजचे वैशिष्ट्यही त्या बांधकामाचाच आनुषंगिक परिणाम होय. प्रारंभी स्थानिकांपुरतेच ठाऊक असलेले हे तळे 2012 मध्ये ॲपल कंपनीने त्याचे छायाचित्र आपल्या संगणकांच्या पडद्यासाठी वापरल्यावर जगभर माहीत झाले, आणि तेथे प्रवाशांची रीघ लागली.

फुरानो रेल्वेमार्गावरील बिएई स्थानकापासून शिरोगाने सुमारे 20 किमी. असून तेथवर बस जाते. पाण्याची छटा ऋतू, प्रकाश व प्रवाह यांनुसार पालटते : निरभ्र दिवशी ती गडद निळी वा हिरवट निळी असते, मोठ्या पावसानंतर गढूळ होते, आणि हिवाळ्यात तळे गोठून बर्फाखाली जाते. तोकाची हा आजही जागृत ज्वालामुखी असल्याने त्याच्या हालचालींवर सतत देखरेख ठेवण्यात येते. म्हणून प्रवाशाने निघण्यापूर्वी हवामानाबरोबरच ज्वालामुखीविषयीच्या सरकारी सूचनाही पाहून घ्याव्यात.