चार हात, पण कुणाचे?

इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर लेड झेपलिनचा टी-शर्ट मीही घालायचो, बँडचं एकही गाणं न ऐकता. ती उधारी यंदा फेडायची ठरवली. गिटारिस्ट जिमी पेजचे अल्बम पहिल्यापासून, क्रम न मोडता ऐकायचे. सीताबर्डी ते खापरी मेट्रोत, ऑफिसला जाता-येता.

१९६९च्या पहिल्याच अल्बमवर ‘ब्लॅक माउंटन साइड’ नावाचा दोन मिनिटांचा तुकडा आहे. त्यात गिटारसोबत चक्क तबला. वाजवणारे विरम जसानी, आणि अल्बमवर त्यांचं नावही आहे. तेव्हा यात मला काही विशेष वाटलं नाही.

तिसऱ्या अल्बमवर ‘फ्रेंड्स’ (१९७०) आलं, चौथ्यावर ‘फोर स्टिक्स’ (१९७१). या दुसऱ्या गाण्यात ड्रमर जॉन बोनम दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवतो, म्हणून हे नाव. ठेका पाच आणि सहा मात्रांत अदलाबदल करतो. शाळेत शिकलेल्या तबल्याच्या भरवशावर मी बोटांवर मोजत होतो. पाच म्हणजे झपतालाचं अर्धं आवर्तन, सहा म्हणजे दादरा. वेगवेगळे दोन्ही सोपे. पण एकातून दुसऱ्यात जाताना सम हातातून निसटते.

हीच दोन गाणी १९७२ साली मुंबईत पुन्हा वाजली. पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईला आले होते. बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांच्या मार्गदर्शनाखाली सतार, सारंगी, तबला, व्हायोलिन वाजवणारे इथले वादक जमवले गेले आणि ध्वनिमुद्रण झालं. ते बाहेर आलं थेट २०१५मध्ये, ‘कोडा’ अल्बमच्या नव्या आवृत्तीत. म्हणजे ४३ वर्षांनी.

माझ्या फोनवर ‘फोर स्टिक्स’च्या त्या आवृत्तीचं शीर्षक दिसतं ‘फोर हँड्स’, आणि कंसात ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. बस्स, एवढंच. काठ्यांच्या जागी हात आले, पण ते कुणाचे, हे त्या पडद्यावर नाही. सुरुवातीला ठेका जरा चाचपडत चालतो, मग एका जागी सगळे बरोबर पडतात. परकी चाल, मोजका वेळ, समोर परके लोक. ती पकड कुणाची तरी आहे.

मुंबईला यात नवीन काही नव्हतं. हिंदी सिनेमाचं संगीत अशाच वादकांवर उभं राहिलं. विविध भारतीवर गायक, गीतकार, संगीतकार सांगतात. मधला सतारीचा तुकडा कुणाचा, ते नाही. घरी रोज रेडिओ लागायचा, पण हा प्रश्न मलाही कधी पडला नाही.

गंमत अशी की पेज स्वतः याच जमातीतला. १९६८मध्ये लेड झेपलिन उभं करण्याआधी तो लंडनमध्ये स्टुडिओतला रोजंदारीचा गिटारवाला होता. बोलावलं की जायचं, समोर ठेवलेलं वाजवायचं, पैसे घ्यायचे, घरी जायचं. १९६४चं ‘गोल्डफिंगर’चं शीर्षकगीत जगाला शर्ली बॅसीचं म्हणून माहीत आहे, त्या सेशनला पेजही होता. पुढे १९९४मध्ये त्याने आणि प्लांटने ही दोन्ही गाणी पुन्हा केली, इजिप्तचे होसाम रमझी आणि त्यांच्या वादकांना सोबत घेऊन. म्हणजे मुंबईत जे शोधलं, ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

आमच्या धंद्यात कोडची कुठलीही ओळ कुणी लिहिली, ते एका कमांडवर कळतं. कमांडचं नाव ‘ब्लेम’, कारण बहुतेक वेळा काही बिघडलं की तीच चालवतात. मी ती बरोबर चाललेल्या कोडवर क्वचितच चालवली असेन.

आता क्रम मोडलाय. पाचवा अल्बम अजून बाकी आहे आणि मी गेला आठवडाभर ‘फोर हँड्स’वरच अडकलोय. तबला कुठे पाचातून सहात जातो, ती जागा आता मला सापडते. खापरी येईपर्यंत चारदा ऐकून होतं.