सहनून, मुहंमद

(८ एप्रिल १९३१ – २० सप्टेंबर २०१८). अल्जीरियाचा मुत्सद्दी आणि आफ्रिकेतील शांतताकार्याचा एक प्रमुख प्रवक्ता. आफ्रिकी एकता संघटनेचा उपसरचिटणीस, संयुक्त राष्ट्रांचा सोमालियातील खास प्रतिनिधी आणि ‘संरक्षणाची जबाबदारी’ ही संकल्पना मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा सहअध्यक्ष, या नात्यांनी तो विशेष प्रसिद्धी पावला.

सहनूनचा जन्म उत्तर अल्जीरियातील शलेफ (फ्रेंच अमदानीतील ऑर्लेआंव्हिल) या गावी झाला. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियावर स्वारी केली होती आणि पुढे हा प्रदेश फ्रान्सचाच एक भाग म्हणून घोषित केला होता. तथापि तेथील बहुसंख्य मुस्लिम प्रजेला समान नागरिकत्वाचे हक्क मिळाले नाहीत. १ नोव्हेंबर १९५४ रोजी स्वातंत्र्ययुद्धास आरंभ झाला, त्यावेळी सहनून तरुण होता. उच्च शिक्षणासाठी तो पॅरिसच्या सॉर्बॉन विद्यापीठात दाखल झाला. मे १९५६ मध्ये अल्जीरियन विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमांवर बहिष्कार पुकारला, तेव्हा त्यानेही शिक्षण सोडले व तो मायदेशी परतला. झेर्मेन तियों या फ्रेंच मानवशास्त्रज्ञ विदुषीच्या पुढाकाराने १९५५ पासून गरीब वस्त्यांत साक्षरता व आरोग्य यांसाठी सामाजिक केंद्रे सुरू झाली होती. त्यांच्या कार्यात तो सहभागी झाला. राष्ट्रीय मुक्ती आघाडीशीही त्याचा संबंध होताच.

जानेवारी १९५७ मध्ये अल्जिअर्स शहरातील पोलिसी अधिकार जनरल मास्यूच्या छत्रीधारी सैनिकांकडे सोपविण्यात आले. त्यानंतरच्या धरपकडीत सहनूनला अटक झाली आणि छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या एका बंगल्यात त्याचे अनन्वित हाल करण्यात आले. या अनुभवाविषयी त्याने पन्नास वर्षे जाहीररीत्या फारसे काही सांगितले नाही. २००७ मध्ये मेम्वार ब्लेसे (जखमी स्मृती) या पुस्तकात किंचित कादंबरीसदृश रूप देऊन त्याने तो शब्दबद्ध केला. छळ करणाऱ्यांबरोबरच स्वतःला धोका पत्करून आपल्या अल्जीरियन मित्रांना मदत करणाऱ्या फ्रेंच व्यक्तींचेही चित्रण त्यात आहे. शत्रुपक्ष हा एकजिनसी नसतो, ही त्याची पुढील आयुष्यातील धारणा या अनुभवातून दृढ झाली असावी. सुटकेनंतर तो अमेरिकेस गेला आणि न्यूयॉर्क विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेऊन त्याने आपले खंडित शिक्षण पुरे केले.

जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी, २५ मे १९६३ रोजी, अदिस अबाबा येथे आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली. तिचा पहिला सरचिटणीस गिनीचा द्यालो तेली हा होता. १९६४ ते १९७३ या काळात सहनूनने संघटनेचा उपसरचिटणीस म्हणून काम पाहिले. नवस्वतंत्र राष्ट्रांपुढे तेव्हा सर्वांत अवघड प्रश्न होता, तो सरहद्दींचा. वसाहतवादी सत्तांनी स्वतःच्या सोयीने आखलेल्या सीमांनी अनेक जनसमूहांची फाळणी केली होती. पण त्या बदलू लागल्यास संपूर्ण खंड युद्धाच्या खाईत लोटला जाईल, ही भीतीही खरी होती. १९६४ च्या कैरो परिषदेने स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा कायम मानण्याचा ठराव केला. सोमाली भाषक लोक इथिओपिया, केन्या व जिबूती येथेही विखुरलेले असल्याने सोमालियाने त्याला विरोध दर्शविला. आफ्रिकेच्या शृंगातील हा गुंता सहनूनला अदिस अबाबातील या वर्षांत जवळून पाहावयास मिळाला.

त्यानंतर त्याने अरब संघाचा उपसरचिटणीस म्हणून काही काळ काम केले. पुढे पश्चिम जर्मनी, फ्रान्स, अमेरिकेची संयुक्त संस्थाने व मोरोक्को या देशांत, तसेच संयुक्त राष्ट्रांत, त्याने अल्जीरियाचे प्रतिनिधित्व केले. ज्या देशाच्या सैनिकांनी त्याचा छळ केला, त्याच देशात स्वतंत्र अल्जीरियाचा राजदूत म्हणून तो गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालील पर्यावरण व विकास आयोगाचा तो सभासद होता. या आयोगाने १९८७ च्या आपल्या अहवालात चिरंतन विकासाची कल्पना रूढ केली. दुष्काळ, जमिनीची धूप व पाण्याची टंचाई यांचा यादवी युद्धांशी निकट संबंध असतो, हे मत सहनूनने पुढे सातत्याने मांडले.

त्याच्या कारकीर्दीची खरी कसोटी सोमालियात लागली. जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे मोगादिशूतून पळाला आणि शासनयंत्रणा पूर्णपणे कोसळली. नोव्हेंबरपासून अली महदी मुहंमद व जनरल मुहंमद फराह आयदीद यांच्या सैन्यांत राजधानीत तुंबळ युद्ध जुंपले. लूटमारीमुळे मदतीचे धान्य पोहोचेना व भीषण दुष्काळ पडला. मार्च १९९२ मध्ये दोन्ही पक्षांनी युद्धबंदी मान्य केली. २४ एप्रिल रोजी सुरक्षा समितीने ७५१ क्रमांकाचा ठराव करून पन्नास निरीक्षकांचे पथक मंजूर केले व सरचिटणीस बुट्रोस बुट्रोस-घाली यांनी सहनूनची आपला खास प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली.

सहनूनची पद्धती संथ. पण विचारपूर्वक आखलेली होती. केवळ सेनानायकांशी वाटाघाटी केल्यास त्यांचेच महत्त्व वाढेल, हे जाणून त्याने कुळांचे वडीलधारे, स्त्रिया व सुशिक्षित वर्ग यांच्याशी संपर्क साधला. सर्व काही मोगादिशूत केंद्रित न करता देशाचे चार विभाग पाडून मदतकार्य करावे, अशी योजना त्याने पुढे आणली. ऑगस्टमध्ये आयदीदने पाचशे शांतिसैनिक स्वीकारण्यास संमती दिली. परंतु त्या महिन्याच्या अखेरीस सुरक्षा समितीने आणखी सुमारे तीन हजार सैनिक पाठविण्याचा निर्णय घेतला. सहनूनला याची पूर्वकल्पना नव्हती आणि सोमाली पुढाऱ्यांनाही विश्वासात घेतले गेले नव्हते. मोठ्या कष्टाने मिळविलेला विश्वास त्यामुळे ढासळला. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी दाखविलेल्या दिरंगाईवर सहनूनने उघड टीका केली. ती मुख्यालयास रुचली नाही व ऑक्टोबर १९९२ मध्ये त्याने राजीनामा दिला.

पुढील घटना सर्वज्ञात आहेत. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या नेतृत्वाखालील मोठी फौज सोमालियात उतरली. तिच्यामुळे अन्नवाटप सुरळीत झाले. तथापि मे १९९३ मध्ये कारभार संयुक्त राष्ट्रांकडे आल्यावर निःशस्त्रीकरणाच्या प्रयत्नांतून आयदीदशी थेट संघर्ष उद्‌भवला. ५ जून १९९३ रोजी चोवीस पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले आणि ३ ऑक्टोबर रोजी सुरू झालेल्या मोगादिशूतील चकमकीत अठरा अमेरिकन सैनिक व शेकडो सोमाली लोक प्राणास मुकले. मार्च १९९५ मध्ये शांतिसेना माघारी गेली. सोमालिया : द मिस्ड ऑपॉर्च्युनिटीज (१९९४) या आपल्या पुस्तकात सहनूनने तीन दवडलेल्या संधींचा निर्देश केला आहे : १९८८ चा उत्तरेकडील उठाव, १९९० मध्ये प्रतिष्ठित नागरिकांनी बारेच्या राजवटीविरुद्ध काढलेले आवाहनपत्र आणि १९९१ मधील बारेचे पतन. या प्रत्येक वेळी मध्यस्थी झाली असती, तर पुढील संहार टळला असता, असे त्याचे प्रतिपादन होते. सहनूनला आणखी अवधी मिळाला असता, तर त्याला यश आले असते काय, यासंबंधी अभ्यासकांत मतभेद आहेत. वाटाघाटी लांबत असताना हजारो लोक उपासमारीने मरत होते, हेही विसरून चालत नाही.

१९९७ मध्ये आफ्रिकेच्या महासरोवर प्रदेशासाठी संयुक्त राष्ट्रे व आफ्रिकी एकता संघटना यांनी त्याला आपला संयुक्त प्रतिनिधी नेमले. झाईरमधील युद्ध थांबविण्यासाठी त्याच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या पंचसूत्री योजनेला सुरक्षा समितीने फेब्रुवारीत मान्यता दिली. ४ मे रोजी नेल्सन मंडेला यांच्या उपस्थितीत दक्षिण आफ्रिकेच्या एका नौकेवर मोबूटू व लॉरां काबीला यांची भेटही झाली. पण काबीलाचे सैन्य वेगाने पुढे येत होते. १७ मे रोजी किन्शासा पडले आणि तडजोडीचा प्रश्नच उरला नाही.

रूआंडातील १९९४ चा वंशसंहार जगाने पाहत राहून होऊ दिला. उलट, १९९९ मध्ये कोसोव्होत सुरक्षा समितीच्या संमतीविना बळाचा वापर झाला. या पेचातून मार्ग काढण्यासाठी कॅनडाने २००० मध्ये एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला. ऑस्ट्रेलियाचे माजी परराष्ट्रमंत्री गॅरेथ एव्हान्स व सहनून हे त्याचे सहअध्यक्ष होते. डिसेंबर २००१ च्या अहवालाने सार्वभौमत्व हा केवळ अधिकार नसून प्रजेच्या रक्षणाची जबाबदारी आहे, असा सिद्धांत मांडला. राज्यसंस्था ती पार पाडू शकत नसेल वा इच्छीत नसेल, तर ती जबाबदारी जागतिक समुदायाकडे जाते. मात्र प्रतिबंधाला अग्रक्रम असावा व लष्करी कारवाई हा अखेरचा उपाय असावा, असे त्यात म्हटले आहे. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने हे तत्त्व मर्यादित स्वरूपात स्वीकारले. वसाहतवाद भोगलेल्या राष्ट्रांना त्यात बलिष्ठांच्या हस्तक्षेपाचे नवे निमित्त दिसले. २०११ मध्ये लिबियासंबंधीच्या ठरावावर भारतासह पाच राष्ट्रे तटस्थ राहिली आणि तेथील कारवाईचे पर्यवसान सत्तांतरात झाल्यावर ही शंका अधिकच बळावली.

सहनून २००७-०८ मध्ये ‘इनिशिएटिव्ह्‌ज ऑफ चेंज’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा अध्यक्ष होता. पूर्वी मॉरल रीआर्मामेंट (नैतिक पुनःशस्त्रीकरण) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चळवळीचे भारतातील केंद्र महाराष्ट्रात पाचगणी येथे असून, सहनूननंतर महात्मा गांधींचे नातू व इतिहासकार राजमोहन गांधी हे तिचे अध्यक्ष झाले. स्वित्झर्लंडमधील को या गावी सहनूनने २००८ मध्ये मानवी सुरक्षाविषयक परिषदांची मालिका सुरू केली. अन्न, जमीन, सुशासन आणि ऐतिहासिक जखमांचे निराकरण यांवाचून शांतता टिकत नाही, हे या परिषदांचे सूत्र होते.

सहनूनचे अनेक प्रयत्न अयशस्वी ठरले. पण सोमालियातील अपयशाची त्याने केलेली मीमांसा शांतताकार्याच्या अभ्यासात आधारभूत मानली जाते आणि रक्षणासाठी बळ केव्हा वापरावे, हा त्याच्या आयोगाने उपस्थित केलेला प्रश्न आंतरराष्ट्रीय राजकारणात अद्यापि अनिर्णित आहे. पॅरिस येथे त्याचे निधन झाले.