बनारसची ‘बहरी अलंग’ आणि दुखरे सांधे

जुन्या बनारसमध्ये कारागिराला व्यायामासाठी वेगळी वेळ काढावी लागत नसे. विणकर, धातूची भांडी ठोकणारे ठठेरे, लाकडी खेळणी घडवणारे अशी मंडळी मित्रांची टोळी जमवून नावेतून गंगेपलीकडच्या वाळवंटात किंवा गावाबाहेरच्या एखाद्या बागेत जात. तिथे कपडे धुवायचे, अंगाला तेल चोळायचे, दंड-बैठका काढायच्या, भांग घोटायची, मनसोक्त डुंबायचे आणि शेवटी बाटी-चोख्यावर ताव मारायचा. बनारसी लोक या सहलीला ‘बहरी अलंग’ म्हणतात. इतिहासकार नीता कुमार यांनी ‘द आर्टिझन्स ऑफ बनारस’ (1988) या ग्रंथात कारागिरांच्या फुरसतीचा अभ्यास मांडला. त्यात ही सहल आणि गल्लोगल्लीचे आखाडे यांना मोठी जागा मिळाली आहे.

आखाड्यांतही मौज होतीच. तुळशीघाटावरचा स्वामिनाथ आखाडा परंपरेने संत तुलसीदासांशी जोडला जातो. नागपंचमीला तिथे कुस्त्या होतात, जोडी (दोन जड लाकडी मुद्गल) आणि गदा फिरवण्याची चढाओढ लागते, बघ्यांची दाद मिळते.

मराठी माणसाला हे वातावरण परके नव्हते. दुर्गाघाट, ब्रह्मघाट या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर दुसरा बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला गेला. त्याच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब पुढे त्यांच्या शिष्यांनी काशीतही रुजवला, असे मल्लखांबाच्या परंपरेत सांगतात.

भारतीय जोडीने इंग्रजांनाही भुरळ घातली. एकोणिसाव्या शतकात तिची हलकी आवृत्ती इंग्लंड-अमेरिकेतल्या व्यायामशाळांत पोहोचली आणि 1904 व 1932 च्या ऑलिंपिकमध्ये तिची स्पर्धाही झाली.

हा इतिहास आज संधिवाताच्या रुग्णांच्या कामाचा आहे. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने ती दाबली जाते आणि सुटते, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही 2019 च्या मार्गदर्शिकेत गुडघा, खुबा आणि हाताच्या झीजजन्य संधिवातासाठी व्यायामाची ठाम शिफारस केली. अमुक एकच प्रकार सर्वांत चांगला, असे मात्र म्हटले नाही; रुग्णाची आवड आणि सोय पाहायला सांगितले. अडचण असते ती टिकण्याची. दुखत असताना एकट्याने खोलीत पाय उचलत राहणे कंटाळवाणे होते आणि महिन्याभरात चटई गुंडाळली जाते. बहरी अलंगला जाणाऱ्याला मात्र मित्र, नदी आणि जेवण ओढून नेत. व्यायाम वाटेत होऊन जाई.

अर्थात दुखऱ्या गुडघ्यांनी बैठका काढू नयेत आणि जड जोडीच्या वाटेला जाऊ नये. शिवाय आखाड्याची ही मौज शतकानुशतके पुरुषांपुरतीच राहिली, आणि गुडघ्यांचा झीजजन्य संधिवात तर स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. स्वामिनाथ आखाड्याची माती मुलींसाठी खुली झाली ती 2017 मध्ये.

त्याआधी 2014 च्या नोव्हेंबरात अस्सी घाटावर ‘सुबह-ए-बनारस’ सुरू झाले: पहाटे गंगेची आरती, मग शास्त्रीय गायन-वादन आणि त्यानंतर योगासने. ज्यांना आखाडा झेपत नाही किंवा ज्यांना तिथे कधी प्रवेशच नव्हता, अशा स्त्री-पुरुषांसाठी जुन्या सहलीची ही जवळची वाट आहे. संधिवाताच्या रुग्णाला व्यायामाचा तक्ता लिहून देताना डॉक्टरांनी तो कोणाबरोबर आणि कुठे रमेल हेही विचारले, तर त्या तक्त्याचा उपयोग कितीतरी वाढेल.