मळीपासून काजळीपर्यंत

2001 साली मिरज आणि मनमाड इथे 5 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल प्रायोगिक तत्त्वावर विकायला सुरुवात झाली, तेव्हा बोलणं चालायचं ते उसाचं. इथेनॉल ज्यापासून निघतं त्या मळीचं करायचं काय, हा साखर कारखान्यांपुढचा जुना प्रश्न. 1948 चा पॉवर अल्कोहोल कायदाही त्याच वाटेने आलेला. 2003 पासून नऊ राज्यांत हे मिश्रण सुरू करायचं ठरलं, तेव्हाही काजळीचा विषय फारसा कुणाच्या तोंडी नव्हता.

इंजिनं मात्र बदलत होती. 1996 मध्ये मित्सुबिशीने जपानमध्ये थेट इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन असलेली गॅलंट बाजारात आणली. एरवी पेट्रोल शिंपडलं जाई ते व्हॉल्व्हच्या अलीकडे, आणि तापलेल्या व्हॉल्व्हवर त्याची वाफ होई. आता फवारा सरळ सिलिंडरमध्ये. पेट्रोल वाचलं, पण डिझेलची म्हणून ओळखली जाणारी काजळी पेट्रोलच्या गाडीत शिरली.

थंडीतल्या सकाळी ती कशी धरते ते पाहण्यासारखं आहे. पिस्टनचा माथा अजून गार असतो. फवाऱ्याचे थेंब त्यावर आदळतात आणि पातळ ओला थर बसतो. ठिणगी पडली की वाफ झालेलं पेट्रोल झटकन जळून जातं. हा थर मात्र वात फार वर केलेल्या चिमणीसारखा पिवळा, धुरकट जळत राहतो.

इथेनॉलच्या वजनात सुमारे 35 टक्के ऑक्सिजन असतो आणि काजळी धरणारी ॲरोमॅटिक द्रव्यं त्यात नसतात. म्हणजे काजळी घटायला हवी. तापलेल्या इंजिनात, मिश्रणात इथेनॉल भरपूर असेल तर बहुधा ती घटतेही. पण वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. त्यामुळे गार इंजिनात पेट्रोलमधली जड द्रव्यं पिस्टनवर जास्त वेळ ओली राहतात, आणि 10-20 टक्क्यांच्या मिश्रणात कण कधीकधी वाढलेले आढळतात.

इतक्या बारीक कणांना वजन ते काय असणार! म्हणून युरोपने कण मोजायला घेतले. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना 2014 पासून किलोमीटरमागे 6 लाख कोटी कणांची मुभा मिळाली. तीन वर्षांनी ती दहापट कमी, 60 हजार कोटींवर आली. भारतात बीएस-6 मानकं एप्रिल 2020 मध्ये लागू झाली आणि हीच कडक मर्यादा एप्रिल 2023 मध्ये आली.

2025 मध्ये देशातलं मिश्रण 20 टक्क्यांवर पोचलं. गार इंजिनाच्या पहिल्या दोन मिनिटांतले कण आता याच पेट्रोलवर, इथल्याच रस्त्यांवर मोजले जायला हवेत. गाडीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात जातात ते हेच कण.