जलतरणपटू वीरधवल खाडे : पंधरा वर्षांची साधना

करवीरनगरीचे नाव उच्चारताच तालमीची तांबडी माती डोळ्यांपुढे उभी राहते. राजर्षी शाहू छत्रपतींच्या उदार आश्रयाने तेथे मल्लविद्या बहरली, हे सर्वश्रुतच आहे. परंतु त्याच नगरीने पाण्यातही एक वीर घडविला. दिनांक २९ ऑगस्ट १९९१ रोजी जन्मलेले श्री. वीरधवल खाडे हे ते होत.

पन्नास मीटरांची शर्यत म्हणजे तलावाची एकच लांबी. ती अवघ्या बावीस-तेवीस सेकंदांत संपते. तीत चूक सुधारण्यास अवसर नसतो. उडी किंचित उशिरा पडली की सारे संपले. अशा क्षणभंगुर प्रकारात दीर्घकाळ टिकून राहणे, हीच या पुरुषाची खरी थोरवी होय.

सन २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते ५०, १०० व २०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतींत उतरले, तेव्हा त्यांस सतरावे वर्ष पुरे व्हावयास काही दिवस अवकाश होता. पुढे सन २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय शर्यत २४.३१ सेकंदांत पोहून त्यांनी कांस्यपदक जिंकले. सन १९८६ मध्ये सोल येथे खजान सिंग यांनी रौप्यपदक मिळविले होते. त्यानंतर तब्बल चोवीस वर्षांनी भारतास आशियाई जलतरणात हे पदक लाभले. सन २०११ मध्ये अर्जुन पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत तहसीलदाराचे पदही मिळाले.

येथून कसोटीचा काळ सुरू झाला. पदाने चरितार्थाची चिंता मिटली. पण कचेरीचे दप्तर आणि तलावाचा सराव एका हातात मावेनात. वेगवान जलतरणात काही महिन्यांचा खंडही शरीर विसरत नाही. मग वर्षांच्या खंडाची कथा काय! अनेकांनी अशा वेळी पदकाकडे पाहत समाधान मानले असते. त्यांनी मात्र पुन्हा पाण्याची वाट धरली.

सन २०१८ मध्ये जकार्ता येथे ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्यांनी २२.४३ सेकंद ही वेळ नोंदवून नऊ वर्षांपूर्वीचा स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. अंतिम शर्यतीत त्यांची वेळ २२.४७ होती, कांस्यपदक जिंकणाऱ्या जपानी जलतरणपटूची २२.४६. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे त्या वेगात सुमारे सव्वादोन सेंटीमीटर, अंगठ्याच्या रुंदीएवढे अंतर! पदक हुकले, परंतु सव्विसाव्या वर्षी, खंडानंतर, अठराव्या वर्षाच्या स्वतःस मागे टाकणे हा पराभव खचित नव्हे.

सन २०२३ च्या गोवा राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकून, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी स्पर्धात्मक जलतरणाचा निरोप घेतला.

या चरित्रातून समाजाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. पदक मिळताच शाल-श्रीफळ देण्यास आपण सारे पुढे होतो, आणि ते योग्यही आहे. परंतु खेळाडूस खरी गरज असते ती दोन पदकांमधील मूक वर्षांत : पहाटेच्या तलावाची, सकस अन्नाची, सरावासाठी मिळणाऱ्या सवडीची. आपल्या मुलामुलींपैकी कोणी अशी वाट चोखाळीत असेल, तर सत्काराचा दिवस उजाडण्याची वाट न पाहता त्या वर्षांत त्याच्या पाठीशी उभे राहणे, हेच आपले कर्तव्य होय.